चुंबक चिकटलं म्हणून कढई परत करू नका, आधी तिचं बूड बघा

तुमचा प्रश्न नीट वाचला. नवीन घर लावताय, नॉनस्टिकचं कोटिंग निघायला लागलं म्हणून आता सगळं स्टीलमध्येच घ्यायचं ठरवलंय, दुकानदाराने स्टील ३०४ ग्रेडचं सांगून ट्रायप्लाय म्हणजे तीन थरांच्या पत्र्याची कढई दिली, घरी आल्यावर कुठल्यातरी व्हिडिओत बघून तुम्ही फ्रिजवरचं चुंबक लावलं तर ते बुडाला टचकन चिकटलं, आणि आता वाटतंय की फसवलं. त्यात पहिल्याच दिवशी पोहे खाली लागले. वर त्याहून महाग ३१६ ग्रेडचं घ्यायला हवं होतं का आणि ऑफरमधला ११ नगांचा सेट घ्यावा का हेही विचारलंय. घरी चार माणसं, गॅस आहे आणि एक इंडक्शन.

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं दुकान आहे, सासऱ्यांच्या काळात तांब्यापितळेचं जास्त होतं, आता बराचसा माल स्टीलचा. गल्ल्यावर मीच असते आणि घरी स्वयंपाकही मीच करते, त्यामुळे जे विकते त्याच्यात रोज शिजवूनही बघते. ब्रँडचं नाव मात्र सांगणार नाही, कारण एकाच कंपनीत चांगली लाइनही असते आणि हलकी लाइनही असते, नाव बघून घेतलं की माणूस भांडं बघायचं सोडून देतो.

आधी एक गोष्ट वेगळी करू. स्टील चांगलं आहे का हा एक प्रश्न, आणि भांडं चांगलं आहे का हा दुसरा. सगळे पहिल्यावरच अडकतात. गंज चढेल का, डाग पडतील का, आंबट-खारट सोसेल का हे ग्रेड ठरवतं. पण पोहे खाली लागतात का, पिठल्याला गुठळी होऊन बुडाशी करपतं का, दूध लागतं का, याचा ग्रेडशी काही संबंध नाही, ते बूड किती जाड आहे आणि त्याच्या आत काय आहे यावर असतं. ३१६ चं पातळ पातेलं आणलंत तरी त्यात खीर लागणारच.

आता ग्रेडचं बघू. लोखंडात पुरेसं क्रोमियम घातलं की वरती क्रोमियम ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर आपोआप धरतो, डोळ्याला दिसत नाही, आणि चरा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो परत तयार होतो, म्हणून स्टील गंजत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, भांड्यावर १८/८ लिहिलेलं असतं ते हेच. ४३० मध्ये क्रोमियम १६ ते १८ टक्के पण निकेल जवळजवळ नाहीच, हे चुंबकाला चिकटतं. आणि तिसरं घराणं २०० सिरीजचं, म्हणजे २०१, २०२ आणि बाजारात ज्याला जे-४ म्हणतात ते. निकेल महाग, म्हणून ते कमी करून त्याजागी मँगनीज घालतात. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के, जे-४ मध्ये जेमतेम १ टक्क्याच्या आसपास. दिसायला तितकंच चकचकीत, नवीन असताना नुसतं डोळ्याने मलाही ओळखता येणार नाही.

आणि इथेच चुंबकाची गंमत उलटी आहे. २०२ आणि जे-४ पण चुंबकाला चिकटत नाहीत! म्हणजे ज्या हलक्या स्टीलपासून सावध राहायचं तेच चुंबकाच्या परीक्षेत छान पास होतं. आणि अस्सल ३०४ ची वाटी किंवा पातेलं प्रेसवर खोल ओढून काढलेलं असतं ना, त्या ताणाने त्याच्या काठाला आणि वळणावर थोडी चुंबकाची ओढ येते, ती बघून लोक चांगला माल परत आणतात. तुमच्या ट्रायप्लायचं तर अजूनच सरळ आहे. तिच्यात तीन थर असतात, आत ३०४, मध्ये अ‍ॅल्युमिनियम आणि बाहेर मुद्दाम ४३०, कारण बाहेरचा थर चुंबकाला चिकटणारा नसेल तर इंडक्शन ते भांडं ओळखणारच नाही. आतून चुंबक लावून बघाल तरी ओढ लागेल, कारण बाहेरचा ४३० चा थर जेमतेम दोन-अडीच मिमीवर आहे. तेव्हा चुंबक चिकटलं यावरून फसवलं असं अजिबात म्हणता येत नाही. चुंबक एवढंच सांगतं की इंडक्शनवर चालेल का.

मग ग्रेड कळायचा कसा? खरं सांगायचं तर घरी बसून खात्रीने नाही कळत. भंगारवाले आणि आमच्यासारखे व्यापारी एक टेस्टिंगचं लिक्विड वापरतात, थेंब टाकून छोट्या बॅटरीने करंट द्यायचा, मँगनीज जास्त असेल तर थेंब लाल होतो, पण त्याने डाग राहतो आणि ट्रायप्लायच्या आतल्या बाजूला कुणी तो प्रयोग करू नये. त्यापेक्षा दोन गोष्टी करा. एक, पक्कं बिल घ्या आणि त्याच्यावर ग्रेड लिहून मागा. तोंडी ३०४ म्हणणारा पण बिलावर लिहायला नको म्हणणारा असेल तर तिथून निघा. नुसतं 'फूड ग्रेड' लिहिलेलं असेल तर त्याने काही सिद्ध होत नाही. दोन, आयएसआयचा शिक्का बघा. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय सक्तीचं करणारा आदेश काढला, स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस १४७५६ आहे, शिक्क्यापाशी तो आकडा आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. आयएसआयचा शिक्का देणारी सरकारी संस्था म्हणजे बीआयएस, तिच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये हा नंबर टाकला की कुठल्या कारखान्याचं लायसन्स आहे, चालू आहे की संपलंय ते तिथल्या तिथे दिसतं. हे दुकानात उभं राहूनच करा, आम्हाला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

२०२ वाईटच असंही मी म्हणणार नाही. डाळी-तांदळाचे डबे, पिठाचा डबा, परात, यांना ते चालतं, कोरडं काम आहे. पण जिथे मीठ, चिंच, टोमॅटो, कोकम आणि आच एकत्र येते तिथे ३०४ च हवं. कोकणात किंवा समुद्राजवळ राहत असाल तर डब्यांनाही ३०४ घ्या, तिथल्या खाऱ्या दमट हवेत हलक्या स्टीलवर तपकिरी ठिपके फार लवकर येतात, रत्नागिरीचे गिऱ्हाईक आमच्याकडे हीच तक्रार घेऊन येतात.

३१६ मध्ये २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्याने मिठातल्या क्लोराइडला ते जास्त टिकतं. केमिकलच्या कारखान्यात, जहाजांवर, ऑपरेशनच्या सामानात त्याचा खरा उपयोग. आपण तासाभरात आमटी करून भांडं धुऊन टाकतो, त्याला ३०४ पुरून उरतं. तेवढेच पैसे बुडात घाला.

बुडाचं आता जरा सविस्तर सांगते कारण सगळं इथेच आहे. स्टील उष्णतेच्या बाबतीत फार मंद आहे, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या साधारण पंधरापट वेगाने उष्णता पसरवतं आणि तांबं पंचवीसपट. पातळ एकेरी स्टीलच्या कढईत काय होतं की जिथे बर्नरची ज्योत लागते तेवढंच गोल वर्तुळ भयंकर तापतं आणि दोन बोटं बाजूला भांडं कोमटच असतं, म्हणून मधे करपतं आणि कडेला कच्चं राहतं. हे टाळायला स्टीलच्या आत अ‍ॅल्युमिनियम घालतात, आणि ते घालायच्या दोन पद्धती आहेत.

एक सँडविच बॉटम, म्हणजे एकेरी भांड्याच्या खाली अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती लावून वरून स्टीलने झाकलेली. दुसरी ट्रायप्लाय, जिथे तीन थरांचा पत्राच आधी एकत्र दाबलेला असतो आणि त्यातून भांडं ओढतात, म्हणजे बुडापासून काठापर्यंत अ‍ॅल्युमिनियम असतं. दुकानात लोकांना वाटतं ट्रायप्लाय महाग म्हणजे सगळीकडे तेच चांगलं. तसं नाही. ज्या भांड्यात पातळ पदार्थ आहे, वरण, आमटी, दूध, भाजी उकडणं, तिथे पाणी स्वतःच फिरून उष्णता वाटतं, तिथे सँडविच बॉटमचं सरळ भिंतीचं पातेलं एकदम छान काम करतं आणि किंमतही बरीच कमी. फक्त बर्नरची ज्योत चकतीच्या बाहेर जाऊ द्यायची नाही. वापरलेलं सँडविच बॉटमचं दुधाचं पातेलं आत वाकून बघा, बुडाच्या मधे काहीच नसतं आणि चकती जिथे संपते त्याच्या जरा वर भिंतीला तपकिरी कडं धरलेलं असतं, ज्योत बाहेर गेल्याची ती खूण.

कढईला मात्र सँडविच बॉटम घेऊ नका. कढईची भिंत तिरकी, आपण परततो ते अर्धं भिंतीवरच, आणि तिथे एकेरी पत्रा असेल तर चकतीचा उपयोग काय? परतायचं, भाजायचं, आटवायचं ते सगळं ट्रायप्लायमध्ये. म्हणजे तुमची कढई घेण्यात काही चुकलेलं नाहीये, खरं तर जी एक गोष्ट ट्रायप्लायमध्ये असायला हवी तीच तुम्ही आणली.

ट्रायप्लायची एकूण जाडी साधारण २.५ मिमी असावी. काही ठिकाणी फार पातळ ट्रायप्लाय मिळतं, नाव तेच पण अ‍ॅल्युमिनियम नावापुरतं, ते हातात घेतल्यावर वजनातच कळतं. शेजारी दोन कढया एकाच मापाच्या ठेवून उचलून बघा. एकेरी पत्र्याच्या भांड्यात गेज विचारायचा, आणि इथे आकडा उलटा चालतो हे लक्षात ठेवा, १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिमी आणि २२ गेज म्हणजे ०.७ मिमी. आकडा मोठा तितका पत्रा पातळ.

हातात घेऊन काय बघायचं ते सांगते. भांडं उलटं करून सपाट काउंटरवर ठेवा, मग सरळ ठेवून काठावर एका बाजूने बोट दाबा, डुगडुगलं तर बूड सपाट नाही आणि इंडक्शनवर ते नीट तापणार नाही. काठावरून बोट हळूच फिरवा, धार लागायला नको, कारण पुढे रोज घासताना तीच धार हाताला लागणार. ट्रायप्लायच्या काठाकडे तिरकं बघितलं तर दोन चकचकीत रेघांच्या मधे एक मऊ राखाडी रेघ दिसते, तो अ‍ॅल्युमिनियमचा थर. ती रेघ पूर्ण गोलात सारखी असली पाहिजे. डिशवॉशर वापरणार असाल तर ज्यांचा काठ बंद केलेला आहे असं भांडं घ्या, कारण डिशवॉशरच्या पावडरने उघडी अ‍ॅल्युमिनियमची रेघ हळूहळू झिजते आणि मग स्टीलच्या दोन कडा धारदार बाहेर राहतात. हँडल रिबिटाचं असेल तर मजबूत, पण आतल्या बाजूच्या रिबिटाच्या डोक्याभोवती तेल साठतं, ते घासावं लागतं. वेल्डिंगचं असेल तर आतून गुळगुळीत राहतं पण वेल्ड किती ठिकाणी आहे ते बघा, मोठ्या पातेल्याला दोन बारीक ठिपक्यांवर कान लावलेला असेल तर भरलेलं पातेलं उचलताना तो निघू शकतो. शक्य असेल तर हँडल धरून थोडं पिळून बघा, कुरकुर आवाज आला नाही पाहिजे.

सेटचं विचारलंत, तर नको. ११ नग म्हणतात त्यात झाकणंही नगात मोजलेली असतात, आणि एखादं छोटं सॉसपॅन, एखादी मूठवाली चाळणी अशी वर्षानुवर्षं ओट्याखाली पडून राहणारी चीज असते. चार माणसांना सुटं घ्या. २४ सेंमीची ट्रायप्लाय कढई तुमच्याकडे आलीच आहे असं धरते. एक दोन-अडीच लिटरचं आणि एक चार-पाच लिटरचं पातेलं सँडविच बॉटमचं, झाकणांसकट. एक स्टीलचा कुकर, त्यालाही आयएसआय बघायचंच, कुकरला ते आधीपासून सक्तीचं आहे, मानक आयएस २३४७. चहाचं एक छोटं भांडं साधं चालेल. फोडणीचं कढलं लोखंडाचं घ्या, छोट्या फोडणीला ते स्टीलपेक्षा बरं. आणि भाकरी, पोळी, थालीपीठ, डोसा यासाठी स्टीलच्या तव्याच्या नादी लागू नका, बिडाचा किंवा लोखंडाचा तवाच हवा. पुढे सणासुदीला जास्त माणसं यायला लागली की एक मोठं पातेलं घ्या, ते तेव्हाच, आत्ता नको.

आता पोहे. ट्रायप्लायला सवयीच्या मोठ्या आचेवर ठेवलंत असं मला वाटतं. नॉनस्टिकवर चालून जातं, इथे नाही. कढई मध्यम आचेवर कोरडीच मिनिट-दीड मिनिट तापू द्या, मग तेल, तेल हलवल्यावर पातळ होऊन पटकन पसरायला लागलं की मोहरी. मोहरी तडतडली की आच बारीक, मग जिरं, हिंग, हळद, मिरची, कांदा. पोहे घातल्यावर आच बारीकच, दोनतीनदा खालून वर हलवून झाकण ठेवायचं. पोहे जास्त कोरडे भिजले असतील तर ते स्टीलला चिकटतातच, चाळणीत ठेवून वरून पाण्याचा हबका मारून मऊ करून घ्या. बटाट्याच्या काचऱ्या, पनीर, मासा असं ज्याला खमंग रंग आणायचाय त्याला जास्त तापलेलं भांडं लागतं, तिथे पाण्याचा थेंब टाकून बघायचा. थेंब चर्र करून जागच्या जागी उडून गेला तर अजून तापायचंय, पाऱ्याच्या गोळीसारखा इकडून तिकडे पळायला लागला की झालं. पाणी सगळं उडू द्या, मगच तेल, मगच मासा, आणि मग त्याला हात लावायचा नाही. खालून रंग धरला की तो आपोआप सुटतो, आधी उलथन्याने ओढलात तर अर्धा कढईतच राहील. तरी काही लागलंच तर खरवडू नका, आच बंद करून अर्धी वाटी गरम पाणी ओता आणि झाकण ठेवा, पाच मिनिटांत सुटून येतं.

ज्या तक्रारींसाठी लोक भांडं परत आणतात त्या बहुतेक दोषाच्या नसतातच. निळसर-सोनेरी इंद्रधनुषी झाक आली तर तो उष्णतेने तो वरचा ऑक्साइडचा थर जाड झाल्याचा रंग आहे, काही अपाय नाही. पांढरे ठिपके म्हणजे बोअरच्या पाण्यातला क्षार. दोन्हीला लिंबाची फोड किंवा चिंचेचं पाणी चोळलं की जातं. मात्र बुडाला बारीक टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले तर ते मिठाचे. गार पाण्यात मीठ टाकलं की ते विरघळायच्या आधी तळाशी बसतं, तिथे क्लोराइड एकवटतं आणि स्टीलला छिद्र पाडतं, ३०४ ला सुद्धा. भाताच्या, पास्त्याच्या पाण्यात मीठ उकळी आल्यावर टाका आणि ढवळा, एवढं केलं तरी हा प्रकार थांबतो. उरलेली आंबट-खारट भाजी रात्रभर कढईत ठेवू नका, लोणचं तर स्टीलमध्ये कधीच नाही, त्याला काचेची किंवा चिनी मातीची बरणी. लोखंडी तारेच्या घासणीचे कण स्टीलवर रुतून राहतात आणि ते गंजतात, मग भांडंच गंजलं असं वाटतं, त्यापेक्षा नारळाची किशी किंवा नायलॉनची घासणी. गरम कढई नळाखाली धरायची नाही, बूड वाकतं, आणि एकदा वाकलं की ते सरळ होत नाही. ब्लीच असलेलं लिक्विड अजिबात नको.

घरात कुणाला निकेलची अ‍ॅलर्जी असेल, म्हणजे खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने कातडी लाल होऊन खाजते, तर मात्र सगळं गणित बदलतं. ३०४ मधून आंबट पदार्थ खूप वेळ शिजवताना थोडं निकेल उतरतं, नव्या भांड्यात जरा जास्त, वापराने ते कमी होत जातं. बाकी कुणाला त्याची काळजी करायचं कारण नाही, पण त्या व्यक्तीसाठी टोमॅटो-चिंचेचे पदार्थ काच, मातीचं भांडं किंवा एनॅमलच्या भांड्यात करा आणि डॉक्टरांना विचारून घ्या.

तर कढई ठेवा. दुकानात परत जाऊन बिलावर ग्रेड लिहून घ्या, शिक्क्याचा नंबर अ‍ॅपमध्ये तपासा, तो जुळला नाही तर मात्र बिनदिक्कत परत करा. आणि भांड्यावर नाव घालून घेणार असाल तर लगेच घालू नका, आठ-पंधरा दिवस वापरा, बूड वाकत नाही ना, हँडल सैल होत नाही ना ते बघा, कारण नाव घातलेलं भांडं कुठलाच दुकानदार बदलून देत नाही. नाव घालायचं ते कढईच्या बाहेरच्या अंगाला, काठाच्या खाली, बुडाला नको आणि आतून तर नकोच.